मार्क किती देशील?

"शंभरपैकी किती देशील?"

सप्टेंबर २०२५ मधल्या एका आठवड्यात हा प्रश्न मला रोज किमान चारदा विचारला गेला. विचारणारा आमच्या हापिसातलाच. नाव नको, त्याला आपण परीक्षक म्हणू. तुलुझला विमानांच्या सॉफ्टवेअरवर खर्डेघाशी करणारी आपल्याकडची बरीच मंडळी आहेत. त्यांतले आम्ही चौघं, म्हणजे तो, त्याची बायको, अस्मादिक आणि सौ., आठवडाभराची रजा टाकून कनाल द्यु मिदीवर बोट घेऊन गेलो. बेत असा की दिवसभर रमतगमत जायचं, गाव आलं की बोट बांधायची आणि तिथली वाइन चाखायची. बेत उत्तम होता. त्यात परीक्षकाने मोबाइलवर एक ॲप आणलं. बाटलीचा फोटो काढायचा, जगभरच्या लोकांनी दिलेले मार्क बघायचे, त्यात आपले मिळवायचे.

त्या आठवडाभर चाललेलं भांडण मी आज इथे पुन्हा भांडणार आहे, कारण बोटीवर मला वेळेवर मुद्दे सुचले नाहीत. (सौ.चं म्हणणं, मला ते कधीच वेळेवर सुचत नाहीत.)

आधी बोटीबद्दल, कारण पुष्कळांना वाटतं की हे फार श्रीमंतांचं काम आहे. आचारी, खलाशी आणि वाइन ओतायला स्वतंत्र माणूस असलेल्या तरंगत्या हॉटेलांचं भाडं खरंच डोळे पांढरे करणारं असतं. पण स्वतः चालवायची बोट चौघांत वाटून घेतली तर साध्या हॉटेलाइतकीच पडते. लायसन लागत नाही. अर्ध्या तासात चालवायला शिकवतात आणि किल्ली देतात. वेगमर्यादा तासाला ८ किलोमीटर. काठाने पळणारे आजोबा आम्हाला मागे टाकून जात आणि वर हात हलवत. जेवणाच्या वेळी लॉक, म्हणजे कालव्याचे दरवाजे, बंद. दरवाजावाला जेवायला गेला की त्याचं जेवण होईपर्यंत आपण थांबायचं. डिलिव्हरीच्या तारखांवर जगणाऱ्या माणसाला पहिले दोन दिवस याचा त्रास होतो. तिसऱ्या दिवसापासून आपणही त्या तासात जेवायला लागतो.

हा कालवा १६६६ ते १६८१ या काळात खणला. पिएर-पॉल रिके हा त्याचा कर्ता. मूळचा बेझिए गावचा, धंद्याने मिठावरचा कर गोळा करणारा. म्हणजे डोमेनचा माणूसच नव्हे! पण राजाकडून पैसे मिळवण्याआधी त्याने १६६५ मध्ये एक चाचणीचा पाट खणून डोंगरातलं पाणी माथ्यापर्यंत येतं हे दाखवून दिलं. पहिल्या लॉकच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने कोसळल्या, तर पुढचे लॉक पोटाशी फुगीर, अंडाकृती बांधले. साडेतीनशे वर्षं सिस्टिम चालू आहे, तीच, त्याच दगडात. उद्घाटन मे १६८१ मध्ये झालं आणि रिके १६८० च्या ऑक्टोबरातच वारला होता. प्रोजेक्टवर आयुष्य आणि घरचे पैसे घालून गो-लाइव्ह न बघितलेला माणूस. मला त्याच्याबद्दल फार वाटतं. असो. हे सगळं रोज एक लॉक ओलांडताना मी परीक्षकाला ऐकवत असे आणि तो मला वाइनमधला चेरीचा वास ऐकवत असे. फिटंफाट.

आता भांडण.

त्रेबहून निघालो तेव्हाच परीक्षकाने जाहीर केलं की लांगदॉकची वाइन ही 'टेबल वाइन'. रोजच्या जेवणातली, स्वस्त, हलकी. खरी वाइन बोर्दोची. इथे यायचं ते बोटीसाठी, वाइनसाठी नव्हे. मग ओम्प्स गावच्या बंदरावर मिनेर्वुआच्या वाइनचं दुकान लागलं. तिथली एक बाटली उघडल्यावर त्याने डोळे मिटले, पेला हलवला आणि म्हणाला, "ब्याऐंशी. फार तर त्र्याऐंशी."

ब्याऐंशी आणि त्र्याऐंशीमधला हा एक मार्क कुठून येतो? आम्ही टेस्टिंग करणारी माणसं. एकच टेस्ट दोनदा चालवली आणि उत्तर वेगळं आलं तर ती टेस्ट कचऱ्यात टाकतो. २००१ मध्ये बोर्दोच्याच संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्र शिकणारे ५४ विद्यार्थी बसवले आणि त्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वासहीन लाल रंग घालून दिला. पोरांनी वर्णन लिहिलं ते तांबड्या वाइनच्या शब्दांत. जिभेचं आणि नाकाचं काम डोळ्यांनी परस्पर उरकलं होतं. मी हा प्रयोग परीक्षकाला सांगितला. तो म्हणाला, "विद्यार्थी होते ते." बरं.

आणि बोर्दोचं म्हणाल, तर तिथली जी प्रसिद्ध प्रतवारी आहे ती १८५५ ची. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी केलेली. निकष कुठला? कुठली वाइन किती भावाने विकली जाते हा. म्हणजे महाग ती उत्तम, आणि उत्तम ठरली म्हणून पुढची पावणेदोनशे वर्षं महाग. या यादीत दुसऱ्या वर्गातून पहिल्या वर्गात बढती मिळाली ती एकाच शातोला, १९७३ मध्ये. आपल्याकडे वर्षाला एक अप्रेझल होतं तरी लोक राजीनामे देतात! इथे एकदा रेटिंग लागलं की सात पिढ्या.

त्याही मागे जा. कालवा झाला तशी इकडची वाइन बोटीने तुलुझला आणि पुढे गारोन नदीने बोर्दोच्या बंदरात जाऊ शकत होती. पण बोर्दोवाल्यांना जुन्या राजांनी हक्क दिलेले होते. वरच्या मुलखातली वाइन ठरावीक दिवसांच्या आधी बंदरात येऊ द्यायची नाही, तोवर आपली विकून मोकळं व्हायचं. १७७६ मध्ये त्युर्गो नावाच्या मंत्र्याने हे मोडलं. तोवर इंग्लंड-हॉलंडच्या गिऱ्हाइकांच्या जिभेवर बोर्दो बसली होती ती बसलीच. माझं म्हणणं असं नाही की बोर्दो वाईट आहे. मी प्यायलोय, चांगली असते. पण "जात्याच वरची" वगैरे जे बोललं जातं त्यात बंदरावरच्या नाकेबंदीचा वाटा किती, हे कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही.

आर्जांसचं लॉक ओलांडलं की पुढे ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. कालवा डोंगराच्या कडेकडेने, एकाच पातळीवर, वळसे घेत जातो. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे. काही ठिकाणी चिनाराच्या जातीच्या झाडांची दाट सावली आणि मध्येच मैल-मैल भुंडा काठ. या झाडांना बुरशीचा रोग लागलाय. कालव्यावर तो २००६ मध्ये सापडला आणि ४२ हजार झाडांतली हजारो तोडून जाळावी लागली. माहितीपत्रकांत फोटो अर्थातच सावलीचे.

या लांब पट्ट्यावर आर्जेलिए गाव लागतं. आमच्या बोटकंपनीच्या नकाशात त्याच्यापुढे पाण्याच्या नळाची खूण होती, बस्स. परीक्षकाच्या यादीत गावच नव्हतं, कारण तिथे मार्क देण्याजोगी बाटली नव्हती. मी हट्टाने बोट बांधायला लावली, कारण या गावाबद्दल मी हापिसातल्या एका फ्रेंच बाईंकडून ऐकलं होतं.

११ मार्च १९०७. या गावातून ८७ माणसं निघाली आणि चालत नारबॉनला गेली, चौकशीला आलेल्या खासदारांना भेटायला. त्यांचा पुढारी मार्सलँ आल्बेर. द्राक्षं पिकवणारा आणि गावात गुत्ता चालवणारा माणूस. तक्रार काय? फिलोक्सेरा नावाच्या किडीने आधीच्या पिढीचे मळे साफ केलेले. अमेरिकन खुंटावर कलमं करून ते पुन्हा उभे केले, कर्ज काढून. मग पीक आलं ते उदंड. त्यात अल्जीरियाची वाइन, आणि त्यात शहरांतले व्यापारी साखर आणि पाणी घालून 'वाइन' तयार करणारे. भाव असा पडला की काढणीचा खर्च निघेना. तळघरं भरलेली आणि घरात दाणा नाही.

पुढचे तीन महिने दर रविवारी मोर्चे. आठवड्याला आठवडा दुप्पट होत गेलेले. ९ जूनला माँपेलिएत पाच लाखांहून जास्त माणूस जमला. क्लेमांसोने सैन्य पाठवलं. १९ आणि २० जूनला नारबॉनमध्ये गोळीबार झाला, सहा जण मेले. १७ वी पायदळ पलटण, त्यात याच मुलखातली पोरं, बंड करून आग्दहून बेझिएला चालत आली. त्यांना नंतर ट्युनिशियाच्या वाळवंटात धाडलं. आल्बेर गुपचूप पॅरिसला जाऊन क्लेमांसोला भेटला. क्लेमांसोने परतीच्या गाडीसाठी त्याला शंभर फ्रँकची नोट दिली, त्याने ती घेतली आणि क्लेमांसोने ही गोष्ट पत्रकारांना सांगितली. संपला माणूस. परत आल्यावर त्याच्याच लोकांनी त्याला विकला गेलेला म्हटलं.

पण २९ जून १९०७ ला कायदा झाला, साखरपाण्याच्या भेसळीविरुद्ध. त्याच वर्षी सप्टेंबरात हुकूम निघाला की ताज्या द्राक्षांपासून आंबवलेली तीच वाइन. आज परीक्षक बाटली उघडून आत निव्वळ द्राक्ष आहे असं न विचारता गृहीत धरतो ना, बोर्दोच्या बाटलीतसुद्धा, त्या गृहीतामागे या ८७ जणांची ती पायपीट आहे. चाकणचं १९८० चं कांदा आंदोलन ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना यातलं काहीही परकं वाटणार नाही. शेतमालाचा भाव, रस्त्यावर उतरलेला शेतकरी आणि पुढाऱ्याबद्दल उठलेल्या वावड्या. भाषा तेवढी फ्रेंच.

मी हे सगळं बोटीच्या टपावर बसून सांगितलं. परीक्षक शांतपणे म्हणाला, "इतिहास छान आहे. पण त्याने चव बदलते का?"

हा प्रश्न वाजवी आहे. त्याला झटकून टाकणं खोटेपणा होईल. चव बदलत नाही. वाटेत एका गावी आम्ही घेतलेली तांबडी वाइन खरोखर भिकार होती, चिंचेच्या कोळात शाई घातल्यासारखी. शेतकऱ्याच्या दुःखाने ती गोड झाली नाही. विसाव्या शतकाचा बराच काळ या मुलखाने स्वस्त वाइनचा महापूर आणला, दर हेक्टरी जेवढं ओरबाडता येईल तेवढं ओरबाडलं, हेही खरं. नको त्या जागचे मळे उपटले गेले आणि चांगल्या जागचे सुधारले, त्यानंतरच मिनेर्वुआला आणि कोर्बिएरला १९८५ मध्ये नामांकनाचा दर्जा मिळाला. सगळं मान्य.

माझं भांडण चवीशी नाहीच. 'प्रादेशिक वाइनचा शोध' असं नाव देऊन तो प्रदेशच वगळायचा, याच्याशी आहे. प्रदेश म्हणजे काय, तर यांच्या लेखी चुनखडी, ऊन आणि वारा. मातीचा थर सेंटिमीटरमध्ये सांगतात. त्या मातीत वाकणारा माणूस कुठल्या भावाने विकतो, त्याचे पैसे कधी मिळतात, हे विचारणं म्हणजे जणू जेवणाच्या टेबलावर पगार विचारल्यासारखं. का बुवा? कापसाच्या शर्टाबद्दल, कॉफीबद्दल विचारतो ना आपण हल्ली?

मला हे लागतं त्याला घरचं कारण आहे. माझे मामा दिंडोरी तालुक्यातले. २००१ मध्ये सरकारने वाइनचं धोरण आणलं, कर माफ झाले, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत आमच्या भागात वाइनच्या द्राक्षाची लाट आली. मामांनी दोन एकर शिराज लावली, एका कंपनीशी करार करून. आम्हा भाच्यांना केवढा अभिमान! मी पुण्यात मित्रांना सांगायचो, आमच्या मामाची द्राक्षं वाइनमध्ये जातात. २००८ च्या शेवटी मंदी आली, मागणी बसली. कंपनीने आधी पैसे थकवले, मग माल नको म्हणाली. आता खाण्याचं द्राक्ष असतं तर मार्केटला नेता येतं, नाहीतर बेदाणा करता येतो. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बियांनी भरलेलं. ते कोण खाणार? घड वेलीवरच सुकले. मामांनी त्या पावसाळ्यात वेल वरून कापले आणि खाली जो डॉगरिजचा खुंट होता त्याच्यावर थॉमसनची कलमं भरली. मामी म्हणाल्या, नशीब खुंट तरी आपला होता.

(डॉगरिजही मूळ अमेरिकन. इथे किडीसाठी अमेरिकन खुंट, आपल्याकडे खाऱ्या जमिनीसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी. वर कलम कुणाचंही भरा.)

त्या काळातल्या मामांच्या वाइनची बाटली मी एकदा कुणाच्या तरी लग्नाच्या पार्टीत पाहिली होती. म्हणजे त्यांच्या असेल असं मी मानलं, तालुका तोच होता. मागच्या बाजूला लिहिलं होतं काळी मिरी, आलुबुखार, चामडं. करार मोडल्याचा वास कुणाला आला नसावा.

वांतनाक गावात कालव्याच्या अगदी काठावर शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने वापरलेली वाइनची भलीमोठी जुनी इमारत आहे, किल्ल्यासारखी. या मुलखात गावोगावी अशा सहकारी वायनरी. फ्रान्समधली अशी पहिली इथूनच जवळ, मारोसाँ गावात १९०१ मध्ये निघाली. छोट्या शेतकऱ्यांनी द्राक्षं एकत्र गाळायची आणि व्यापाऱ्याला टाळून विकायचं. १९०५ मध्ये समाजवादी पुढारी जोरेस ती बघायला आला होता. प्रवरानगरचा कारखाना माहीत असलेल्या मराठी माणसाला त्या मोठ्या टाक्या, वजनकाटा आणि ट्रॅक्टरची रांग बघून पाहुण्याच्या घरी आल्यासारखं वाटतं. आम्ही गेलो तेव्हा काढणीचे दिवस होते. रस्ताभर आंबूस वास आणि माशा.

अशाच एका वायनरीत सुटी वाइन मिळते. पेट्रोल पंपासारखी नळी, आपला कॅन न्यायचा, लिटरवर भाव. अडीच युरोच्या आत. फोटो काढायला लेबलच नाही! परीक्षकाचा मोबाइल हातात तसाच राहिला. त्याने कॅनचा फोटो काढून बघितला, ॲपला काही कळलं नाही. रात्री बोटीवर भाकरीच्या जागी पाव आणि वांग्याचं भरीत असा बेत होता. त्या भरताबरोबर ती वाइन इतकी छान लागली की पाच लिटरचा कॅन दुसऱ्या रात्री संपला. मार्कांचा विषय निघाला नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो.

नळीवाल्या बाईंना इंग्रजी येत होतं. त्यांनीच आगीचं काढलं. ५ ऑगस्टला दक्षिणेला कोर्बिएरच्या डोंगरात रिबोत गावाजवळ आग लागली आणि सुमारे १६ हजार हेक्टर जळालं. एक बाई घरातच गेल्या. फ्रान्सच्या या किनाऱ्याकडे गेल्या कित्येक दशकांत एवढी मोठी आग झाली नव्हती. बाई म्हणाल्या, पूर्वी आग मळ्यापाशी येऊन अडायची. मळा नांगरलेला, मध्ये गवत नाही, वेल हिरवा, तो सहजी पेटत नाही. आता मळे कुठे आहेत? लोक वाइन कमी पितात, पाऊस पडत नाही, म्हणून सरकार वेल कायमचे उपटायला हेक्टरी ४ हजार युरो देतं. म्हातारे शेतकरी घेतात. उपटलेल्या जागी झुडपं माजतात आणि ती काडेपेटीसारखी वाळतात. बाईंच्या दिराने तीन हेक्टर उपटले होते, त्यातले जुने कारिन्याँचे वेल आजोबांनी लावलेले.

कारिन्याँ हे द्राक्ष परीक्षकाच्या पुस्तकांत "सामान्य" म्हणून नोंदलेलं आहे.

तेव्हा परीक्षकांनो, सुट्टीत वाइन प्यायला जरूर जा. बोटीनेच जा, पायांना उतरायची सवय होते. पण बाटलीला मार्क देताना दोन मिनिटं असंही बघा की आपले मार्क कुठे जातात. नव्वदच्या वर गेलेल्या वाइनचा भाव चढतो, ब्याऐंशीवाली टाकीत पडून राहते, आणि टाकी रिकामी झाली नाही की पुढच्या वर्षी ट्रॅक्टर वेल उपटायला येतो. या साखळीत आपण नुसते चव घेणारे नाही आहोत. गिऱ्हाईक आहोत आपण.

परीक्षकाने हे मान्य केलं का? नाही. कापस्तांला बोट परत करताना तो म्हणाला, "तू वाइनमधली सगळी मजा घालवलीस." त्याच्या बायकोने मात्र रिकामा कॅन धुऊन बॅगेत टाकला.

घरी आल्यावर मी मामांना त्या नळीचा फोटो पाठवला. पंपासारखी वाइन मिळते बघा मामा, लिटरला अडीच युरोसुद्धा नाही, वगैरे. मला वाटलं होतं त्यांना गंमत वाटेल. रात्री त्यांचा फोन आला.

"अडीचातले शेतकऱ्याला किती सुटतात रे?"

आठवडाभर मी त्याच मुद्द्यावर भांडलो होतो, आणि त्या बाईंना हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.